बुडालेल्या जहाजावरचा दोर

मित्रांनो, परसात कपडे वाळत घालायच्या दोराकडे कोणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. मी तसाच एक जुना दोर आहे. आत्ता माझ्या अंगावर दोन चादरी, एक टॉवेल आणि मास्तरांचा निळा सदरा वाळतो आहे. पण मी जन्माने कपड्यांचा दोर नाही. माझी उमेदीची वर्षे समुद्रात गेली. माझे एक टोक बुडालेल्या जहाजाला असायचे आणि दुसरे होडीला. मधल्या लांबीवर हात ठेवून माणसे खाली उतरायची आणि वर यायची.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे यंत्रांची घरघर दिवसभर चाले. केसाएवढे बारीक धागे एकत्र आले, त्यांचे पदर झाले, आणि तीन पदर एकमेकांभोवती गच्च वळले गेले तेव्हा मी तयार झालो. दोन पदर पांढरे, एक निळा. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण माणसे हट्टी माणसांना लावतात, पण मुळात ती आमच्या घराण्यातली आहे. सुंभ म्हणजे आमचे काथ्याचे आजोबा. मी नायलॉनचा, त्यांच्याइतका खरखरीत नाही; पीळ मात्र तोच.

तिथून मी होड्यांच्या सामानाच्या दुकानात आलो. एका सकाळी एक नवरा-बायको दुकानात आले. नवऱ्याने माझा रंग पाहिला आणि "छान आहे" म्हणून तो मोकळा झाला. बायकोने माझे टोक हातात घेतले, उलटा पीळ देऊन पदर उघडले, आत डोकावून पाहिले, नाकाशी धरून वासही घेतला.

दुकानदार हसला. "वहिनी, दोर आहे तो. खरबूज नाही."

"खरबूज वाईट निघालं तर फेकून देता येतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी त्या दोघांचा झालो. नवरा लोकांना पाण्याखाली पोहायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. होडी बायको चालवायची. पाहुणे सकाळी तिला मॅडम म्हणत आणि दुपार होईपर्यंत वहिनी म्हणू लागत. तिच्या बोलण्यातच तसे काहीतरी होते.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचे दुकान. लांबट खोली, सिमेंटची जमीन, मधोमध पाणी वाहून जायला पन्हळ. भिंतीवर खुंट्यांना रबरी पोशाख टांगलेले असत. नवीन माणूस अंधारातून आत आला की बिनडोक्याच्या माणसांची रांग बघून दचके. कोपऱ्यात पाठीवर बांधायच्या टाक्यांत हवा भरायचे यंत्र होते. दाराशी गोड्या पाण्याचे मोठे पिंप होते. समुद्रावरून आले की वहिनी आधी मला त्यात बुचकळून काढत आणि मग सावलीत जाड खुंटीवर टांगत. मास्तरांना भूक लागलेली असे. ते म्हणत, "आधी माणसांना जेवायला, मग दोराला आंघोळ."

"माणसं उपाशी राहिली तर फक्त चिडतात," वहिनी म्हणत. "दोर मिठात राहिला तर तुटतो."

आता त्या जहाजाविषयी सांगतो. ते मालवाहू जहाज होते. वहिनी-मास्तरांच्या लग्नाच्याही आधी एका वादळात ते बुडाले आणि वाळूवर एका कुशीवर निजले. पाणी बाराही महिने कोमट, त्यामुळे लोखंडावर हळूहळू बाग उगवली. कठड्यांवर पोवळी आली, धुराड्याच्या तोंडात पिवळी-जांभळी झुडपे डुलू लागली. चांदीच्या ताटासारख्या चपट्या माशांचे थवे डोलकाठीभोवती फिरत राहात. वरून सूर्याचा उजेड खालपर्यंत पोहोचे. हे सगळे बघायला लोक लांबलांबून येत.

माझे काम साधे होते. माझ्या एका टोकाला शिशाचे वजन होते आणि दुसऱ्या टोकाला नारिंगी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा मोठा गोळा. मास्तर सगळ्यांच्या आधी खाली जाऊन मला जहाजाच्या कठड्याला बांधत आणि दोन हिसके देत. वर वहिनींना ते हिसके कळत. मग त्या होडी बोयाला बांधत आणि पाहुणे मला धरून उतरू लागत. माझ्या वरच्या भागात वहिनींनी लाल फडके बांधले होते. खोल पाण्यातून माणसाने झटकन वर यायचे नसते. सोड्याची बाटली एकदम उघडली की ती कशी फसफसते, तसे त्याच्या रक्तात बुडबुडे होतात. म्हणून वर येताना त्या लाल फडक्यापाशी मला धरून थांबायचे, अंगात साठलेली जास्तीची हवा श्वासावाटे जाऊ द्यायची, आणि मगच डोके बाहेर काढायचे.

पण माझे याहून मोठे काम वेगळेच होते. समुद्र आज कसा आहे, हे मी सांगत असे.

पाहुणे लाटांना घाबरत. वहिनी आणि मास्तर लाटांची फारशी फिकीर करत नसत. ते ओढीला घाबरत. लाट दिसते, ओढ दिसत नाही. वर पाणी तळ्यासारखे निवांत असते आणि खाली ते नदीसारखे वाहात असते. दोघे आधी आकाश बघत, वारा बघत, पाण्यावरचा फेस कुठल्या बाजूला सरकतो ते बघत, आणि शेवटी माझ्याकडे बघत. मी सरळ उभा असेन तर खाली शांतता. मी तिरका असेन आणि बोयाच्या मागे पाण्याची शेपटी निघालेली असेल, तर खाली ओढ. जितका तिरका, तितकी ओढ जास्त.

त्यांचा एक नियम होता. दोघांपैकी एकाने "आज नाही" म्हटले की दुसऱ्याने का म्हणून विचारायचे नाही. सामान आवरायचे आणि घरी जायचे. तो नियम होडी घेतली त्याच दिवशी ठरला होता, आणि लग्नातल्या वचनांपेक्षा तो बरा पाळला जातो, असे वहिनी गमतीने म्हणत.

एकदा सुट्टीवर आलेला एक मोठा घोळका होता. मी त्या दिवशी चांगलाच वाकलेलो होतो. मास्तर म्हणाले, "आज नाही." वहिनींनी लगेच इंजिन सुरू केले. घोळक्यातला एक जण कुरकुरला, "एवढ्या लांबून आलोय आम्ही."

"मग तेवढ्या लांब परत जायचंय ना?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी होडी वळवली.

तो माणूस दुसऱ्या दिवशी शांत पाण्यात जहाज बघून वर आला. होडीत बसल्यावर त्याने मला थोपटले आणि म्हणाला, "काल चुकलो." अशी शाबासकी मला बरेचदा मिळे. माणसे वर आली की माशांचे, पोवळ्यांचे कौतुक करत, पण पाण्याबाहेर येईपर्यंत हात मात्र माझ्यावर असे. दोराला आणखी काय हवे?

मग घड्याळवाले काका आले.

काका निवृत्त झालेले घड्याळ दुरुस्त करणारे होते. सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे, हळू बोलणारे. ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मास्तरांना वाटले, हे भिंतीवरचे बंद घड्याळ बघायला आले आहेत. काकांनी ते घड्याळ खरोखरच काढून चालू करून दिले आणि मग म्हणाले, "मला पाण्याखाली पोहायला शिकवाल का?"

त्यांचा थोरला भाऊ त्या जहाजावर आचारी होता. काका शाळेत असताना दादा सुट्टीवर आला होता आणि जाताना त्याने परदेशी घेतलेले मनगटी घड्याळ त्यांना दिले होते. ते महिन्याभरातच बंद पडले. काकांनी ते उघडून बघितले, आणि तिथून त्यांचा धंदा सुरू झाला. पुढच्याच सफरीत जहाज बुडाले. बरेचसे लोक वाचले. दादा वाचला नाही.

"आईला शेवटपर्यंत वाटायचं, तो कुठल्यातरी बंदरात उतरला असेल," काका म्हणाले. "मला एकदा त्याचा भटारखाना बघायचाय. तो उभा राहायचा ती जागा. बस्स."

मास्तरांचा स्वतःचा थोरला भाऊ ते लहान असतानाच वारला होता. त्यांनी त्याच दिवशी काकांना हो म्हटले.

काका मन लावून शिकले. आधी तलावात, मग किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात. त्यांचे हात स्थिर होते आणि श्वास सावकाश. मास्तर वहिनींना म्हणायचे, "तरुण पोरं टाकी घटाघटा संपवतात. काका चमच्या-चमच्याने पितात." मोसम संपत आला तेव्हा काका जहाजावर उतरण्याएवढे तयार झाले. आणि नेमका तेव्हाच वारा सुटला.

रोज सकाळी तिघे होडीशी येत, समुद्र बघत आणि परत जात. काका दुकानातल्या बाकावर बसून मास्कची काच पुसत राहात. मोसमाचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची होती, कारण मग वादळी महिने सुरू होतात. काकांची मुलगी त्यांना न्यायला येणार होती. ते आता तिच्याकडे राहायला जाणार होते, समुद्रापासून लांब.

"पुढच्या मोसमात या," वहिनी म्हणाल्या होत्या.

"माझ्या वयाला पुढच्या मोसमाची खात्री कोण देणार?" काका हसून म्हणाले होते. ते हसणे मास्तरांना लागले असावे.

त्या शेवटच्या सकाळी वारा पडला. समुद्र आरशासारखा झाला. होडीत फक्त तिघे होते. मास्तर खाली गेले, त्यांनी मला कठड्याला बांधले, दोन हिसके दिले आणि वर येऊन माझ्यावर हात ठेवून पाण्यातच थांबले.

"थोडी ओढ आहे," ते म्हणाले. "पण जहाजाच्या आडोशाला निवांत आहे."

वहिनींनी काठावरून वाकून माझ्याकडे पाहिले. मी तिरका होतो. बोया निम्मा पाण्याखाली ओढला गेला होता.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

एरवी या दोन शब्दांनंतर आवराआवर सुरू होई. त्या दिवशी मास्तर हलले नाहीत.

"का?" त्यांनी विचारले.

वहिनींना तो प्रश्न नवीन होता. त्यांनी बोयाकडे बोट केले. मग म्हणाल्या, "बोया बघा ना. उधाणाचे दिवस आहेत. पाण्याला जोर आहे."

"भरती संपत आलीय. पाणी थबकेल आता."

"थबकेल, पण घटकाभर. तुम्ही खाली असतानाच उलटं फिरेल. आणि फिरलं की आत्ताच्या दुप्पट जोरानं ओढेल."

"घटकाभर पुरे गं. उतरायचं, भटारखान्याच्या दारापर्यंत जायचं, परत यायचं. जास्त रेंगाळत नाही आम्ही."

काका पुढच्या बाजूला पायात फिन, म्हणजे पोहायचे रबरी पंख, चढवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पाणी थबकायची वाट बघत तिघे थांबले. मी हळूहळू सरळ होऊ लागलो. बोया वर आला, त्याच्यामागची शेपटी विरली, आणि थोड्या वेळाने मी शिंप्याच्या मापाच्या फितीसारखा सरळ खाली लोंबू लागलो.

"बघ, सरळ झाला," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, मी तेव्हा खोटे सांगत नव्हतो. पाणी खरोखरच थबकले होते. पण दोर फक्त आत्ताचे सांगू शकतो. पुढचे सांगायला माणूस लागतो, आणि ते वहिनी सांगत होत्या.

"मी सांगायचं ते सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि सुकाणूपाशी जाऊन बसल्या. त्यांचा हात इंजिनाच्या चावीवर होता. त्यांनी ती फिरवली नाही.

दोघे उतरले. पुढे मास्तर, मागे काका. काकांचा हात माझ्यावर इतका हलका पडत होता की जणू मीच एखाद्या घड्याळाचा काटा आहे. कठड्यापाशी पोहोचल्यावर त्यांनी मला सोडले आणि दोघे जहाजाच्या आडोशाला दिसेनासे झाले. त्यांचे बुडबुडे तेवढे लोखंडाच्या फटींतून वर येत राहिले.

ते मास्तरांनी ठरवले होते त्यापेक्षा जास्त वेळ आत होते. किती, ते मला सांगता येणार नाही, पण पाणी फिरल्याचे मला आधी कळले. पाण्यात तरंगणारी बारीक माती एका जागी थांबली होती. ती आता उलट्या दिशेला सरकू लागली. डोलकाठीभोवतीच्या माशांनी तोंडे फिरवली. मी पुन्हा वाकू लागलो, आणि या वेळी वाकतच गेलो.

ते परत आले तेव्हा मास्तरांनी काकांचे दोन्ही हात माझ्यावर घट्ट ठेवले. दोघे वर सरकू लागले. जहाजाचा आडोसा सुटला तशी ओढीने त्यांना आडवे केले. खांबावरचे झेंडे वाऱ्यात फडफडावेत तसे त्यांचे देह माझ्यावरून एका बाजूला ताणले गेले. तरी ते लाल फडक्याच्या जवळ आले होते. अजून थोडेसेच राहिले होते.

काकांनी मास्तर मागे आहेत ना ते बघायला मान वळवली. एवढेच. पाण्याचा झोत मास्कच्या कडेत शिरला आणि मास्क डोळ्यांवरून सरकला. काकांनी एक हात सोडून तो पकडायला पाहिले, आणि दुसरा हात घसरला.

मास्तरांचा हात माझ्यावर होता. त्यांनी मला धरून ठेवले असते, तर ते लाल फडक्यापाशी थांबून सुखरूप वर आले असते. त्यांनी मला सोडले आणि काकांच्या मागे झेप घेतली. त्याचा मला कधीही राग आला नाही.

वर वहिनींना बुडबुडे दूर जाताना दिसले. त्यांनी होडी बोयापासून सोडवली, इंजिन सुरू केले आणि त्या निघून गेल्या. आवाज लहान होत होत बंद झाला. मी तिथेच राहिलो. संध्याकाळी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग वादळी महिने लागले.

पुढे काय झाले ते मला घरी आल्यावर, इकडून तिकडून ऐकून कळले. मास्तरांनी काकांना गाठले होते. घाबरलेले काका वर निघाले होते आणि त्यांना एकटे सोडता येत नव्हते, म्हणून मास्तरही त्यांच्याबरोबर न थांबता वर आले. ओढीने दोघांना खूप लांब नेले. मास्तरांनी जवळ असलेला खुणेचा नारिंगी फुगा फुगवून उभा धरला आणि बऱ्याच वेळाने वहिनींना तो दिसला. काकांच्या पोटात खारट पाणी गेले होते, बाकी ते ठीक होते. मास्तर त्या सकाळी मला बांधायला आधी एकदा खाली गेले होते. त्यांच्या अंगात हवा जास्त साठली होती. होडीत चढतानाच त्यांचा डावा पाय बधिर झाला.

मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्यांना हवेच्या दाबाच्या बंद खोलीत बरेच दिवस ठेवले. ते घरी आले ते काठी टेकत. डॉक्टर म्हणाले, "चालाल. पण पाण्याखाली आता नाही. कधीच नाही."

मी ते सगळे महिने जहाजाला बांधलेलाच होतो. अंगावर शेवाळ चढले, शिंपल्या चिकटल्या. वादळात मी कठड्याच्या धारेवर घासत राहिलो आणि माझा निळा पदर एका जागी निम्मा तुटला. मोसम उघडल्यावर वहिनी शेजारच्या दुकानातल्या पाणबुड्याला घेऊन आल्या आणि त्यांनी मला सोडवून नेले. घरी त्यांनी मला उन्हात पसरले, एक-एक वीत तपासत गेल्या, उलटा पीळ देऊन पदर उघडून बघितले.

"हा आता माणसांच्या कामाचा नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

कचऱ्याच्या डब्यापर्यंत त्यांनी मला नेलेही होते. तिथे त्या मला हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग परत वळल्या आणि परसातल्या भिंतीच्या कडीपासून लोखंडी खांबापर्यंत त्यांनी मला बांधले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावर पायपुसणे वाळत घातले. ज्याने माणसे तोलली त्याला पायपुसणे! मला वाईट वाटले. नंतर सवय झाली.

पुढची खोली बंद झाली. रबरी पोशाख खुंट्यांवरच राहिले, हवेच्या यंत्रावर जुनी चादर पडली. वहिनी आता होडीतून समोरच्या बेटावर उतारू नेतात-आणतात. मास्तरांनी आपली खुर्ची परसात आणली. इथून समुद्र दिसत नाही, फक्त शेजारच्या घराची भिंत आणि मी. इथे बसून ते दुसऱ्या पाणबुड्यांच्या श्वासाच्या नळ्या आणि मास्क दुरुस्त करून देतात.

दोघे एकमेकांशी बोलत होते, नाही असे नाही. भाजीत मीठ जास्त झाले, औषध घेतले का, गॅस संपत आला, पंख्याचा आवाज येतो. पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. वहिनी "मी सांगितलं होतं" असे कधी म्हणाल्या नाहीत. मास्तर "चुकलं" असे म्हणाले नाहीत. जुना दोर आणि जुने दुःख दोन्हींना गाठी पडल्या की त्या ओढून सुटत नाहीत, आणखी आवळतात. एवढे मला दोर म्हणून माहीत आहे.

मग एका दुपारी काका आले. मुलीने त्यांना दाराशी सोडले आणि ती बाजारात गेली. ते फार वाळले होते. वहिनी कपडे वाळत घालत होत्या, मास्तर खुर्चीत होते. काका बाजूच्या ओट्यावर बसले. पाणी प्याले.

"वहिनी," ते म्हणाले, "खाली काय बघितलं ते मी तुम्हाला सांगितलंच नाही."

"नका सांगू," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक उशीचा अभ्रा झटकला, माझ्यावर टाकला. मग म्हणाल्या, "बरं, सांगा."

"भटारखाना सापडला. जहाज आडवं असल्यामुळे जमिनीच्या फरशा भिंतीला गेल्यात. पांढऱ्या, निळ्या काठाच्या. चूल अजून तशीच आहे, आणि तिच्या पोटात एक हा एवढा मासा बसलाय. मी दाराची चौकट धरून बघत राहिलो. मास्तर मला चला म्हणून खुणावत होते आणि मी हलत नव्हतो. मला वाटत होतं, आता काहीतरी होईल. दादा आहे असं वाटेल. पण तिथे कोणी नव्हतं. मासे होते. चांगले होते मासे."

त्यांनी रिकामा पेला ओट्यावर ठेवला.

"न बघता गेलो असतो तरी चाललं असतं. घरी बसून मला तो जास्त दिसायचा. आणि वहिनी, तुम्ही 'आज नाही' म्हणालात ते मला ऐकू आलं होतं. मी पायातलं बघत राहिलो. ऐकलं असं दाखवलं असतं, तर मलाच परत जाऊ या म्हणावं लागलं असतं."

"ऐकू सगळ्यांनाच आलं होतं, काका," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातातला ओला टॉवेल टपटपत होता. "चावी माझ्या हातात होती. मी होडी वळवली असती तर तुम्ही दोघं काय पोहत येणार होता जहाजावर? पण मला राग आला होता. म्हटलं, जाऊ दे, बघतील काय ते. त्या रागाचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही."

मास्तर हातातला मास्क खाली ठेवून म्हणाले, "मी 'का' विचारायला नको होतं."

"विचारलंत त्याचं काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "मी उत्तर दिलं ना. ते तुम्ही ऐकलं नाहीत."

तेवढ्यात मुलगी परत आली, काका उठले. जाताना त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. मास्तर म्हणाले, "या पुन्हा." दोघांनाही माहीत होते की एवढा प्रवास काकांच्याने पुन्हा होणार नाही.

ते गेल्यावर वहिनींनी उरलेले कपडे वाळत घातले आणि बादली उचलली. मास्तरांनी विचारले, "आज समुद्र कसा होता?"

त्या दिवसानंतर हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. वहिनींनी बादली खाली ठेवली. मग ओट्यावर बसल्या आणि सांगू लागल्या. सकाळी वारा डावीकडून होता. बेटाच्या टोकाला पाणी हिरवट दिसत होते. खडकांच्या बाहेर ओढ होती, उतारूंना कळली नाही, पण होडीला कळली. दुपारी फेस थांबला, तेव्हा त्या थोडा वेळ इंजिन बंद करून बसल्या होत्या. मास्तरांनी एकदाही मध्ये तोंड घातले नाही. त्यांचे सांगून संपले तरी ते ऐकतच होते.

आता ते रोज विचारतात, आणि त्या रोज सांगतात. पाय सुधारलेला नाही. ते पाण्याखाली पुन्हा जाणार नाहीत, मीही नाही. हवेच्या यंत्रावरची चादर अजून तशीच आहे. हेच बोलणे त्या सकाळी होडीत झाले असते तर, असे माझ्या मनात येते, आणि त्याला उत्तर नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. दोर वापरलात तर तो धुवून सावलीत ठेवा, आणि कुठे झिजला आहे ते त्याच्या पदरांत डोकावून बघा. आणि तुम्हाला जपणारे माणूस "आज नको" म्हणाले, तर कारण खुशाल विचारा. पण मिळालेले उत्तर पटत नाही म्हणून आपल्या सोयीचे दुसरे उत्तर शोधू नका. हे शिकायला मास्तरांचा पाय गेला, वहिनींची झोप गेली, आणि काकांना घरी बसून दिसणारा दादा गेला. तुम्हाला ते एका कपड्यांच्या दोराकडून फुकट मिळते आहे. तेवढे घ्या.